त्रास झाला तर या

बसा. मागे दाराशी उभे आहेत त्यांनी पुढे या आणि मोबाईल ॲप्रनच्या खिशात जाऊ द्या. आज ओपीडी उशिरा सुरू होईल. बाहेर बाकावर बसलेल्यांना मी स्वतः सांगून आले आहे.

काल तीन नंबरच्या खुर्चीवर ज्या बाई होत्या, त्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिल्या. वय पन्नाशीच्या आत. खालचे पुढचे दात जिभेच्या धक्क्यानं हलतात, वरच्या दाढांच्या हिरडीवर बोट दाबलं की पू येतो, एक्स-रेमध्ये हाड मुळांच्या टोकाशी गेलेलं. “एवढं होईपर्यंत झोपला होतात का?” असं तुमच्यातल्या एकानं त्यांना विचारलं. मी पलीकडच्या खुर्चीशी होते, ऐकलं. बाईंनी उत्तर दिलं नाही. पिशवीतून घडी घालून जपलेला एक जुना केसपेपर काढला आणि पुढे केला. आपल्याच विभागाचा. त्यावर लिहिलं होतं: स्केलिंग केले, रिव्ह्यू एसओएस. “दुखलं तर या म्हणाले होते,” बाई म्हणाल्या, “पण दुखलंच नाही कधी.”

आता सांगा, झोपलं कोण होतं?

रुग्ण ऐकत नाहीत, ही तुमची नेहमीची तक्रार. या रुग्णानं शब्दन्‌शब्द ऐकलं. आपण जे लिहून दिलं ते पाळलं, आणि त्यापायी त्यांचे दात जाणार आहेत. तो कागद जुना आहे, तेव्हा तुम्ही बारावीची पुस्तकं घेऊन बसला होतात, हे मला कळतं. म्हणूनच तुमचे स्वतःचे केसपेपर काढून वाचले. हे इथे ठेवलेत. उचला, आपापलं अक्षर ओळखा. कागदामागून कागद तेच: स्केलिंग केले, रिव्ह्यू एसओएस. पुढची तारीख एकावरही नाही. दात आणि हिरडी यांच्यामधल्या पॉकेटची खोली बहुतेकांवर नाही. मधुमेह आहे का, तंबाखू आहे का, हे रकाने कोरे. पाट्या टाकण्याचं काम याहून वेगळं काय असतं?

शेवटच्या वर्षाच्या पेपरात तुम्ही सगळ्यांनी लिहिलं होतं की हिरड्यांचा हा आजार बहुतेक वेळा वेदनेशिवाय वाढतो. त्यावर गुण घेतलेत. आणि ओपीडीत येऊन रुग्णाला वेदनेची वाट बघायला सांगता. किडलेली दाढ माणसाला रात्रभर जागं ठेवते, म्हणून तो सकाळी दाराशी हजर होतो. पायोरिया झोपू देतो. हिरडीतून थोडं रक्त येतं, सकाळी तोंडाला वास येतो, पेरू खाताना दात जरा वेगळा वाटतो, यापलीकडे वर्षानुवर्षं काही कळत नाही. दुखतं ते कधी? गळू झालं तर, नाहीतर दात इतका हलला की घास चावताना टोचायला लागतो तेव्हा. त्या दिवशी तो माणूस तुमच्या सांगण्याप्रमाणे येतो, आणि तुमच्याकडे त्याला द्यायला चिमटा सोडून फारसं काही उरलेलं नसतं.

हे तुम्हाला ठाऊक नाही असं नाही. हॅराल्ड लो यांचा १९६५चा प्रयोग कोणीही झोपेत सांगाल. डेन्मार्कमधल्या आरहूसच्या दंतमहाविद्यालयातली बारा माणसं, त्यातली बहुतेक तुमच्यासारखे विद्यार्थी. हिरड्या निरोगी असताना त्यांनी दात घासणं थांबवलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. परीक्षेत तुम्ही इथे थांबता, कारण प्रश्न तेवढाच असतो. त्या प्रयोगाचा अर्थ असा की या टप्प्यावर सगळं परत मिळतं. यानंतर एक रेघ येते. हाड झिजायला लागलं की ती ओलांडली गेली, आणि गेलेलं हाड नुसत्या घासण्यानं किंवा नुसत्या सफाईनं परत येत नाही. उरलेलं तेवढं राखता येतं. त्या रेघेच्या अलीकडे माणसाला गाठायचं असेल तर दुखायच्या आधी बोलवावं लागतं. दुसरा मार्ग नाही.

लो यांचंच दुसरं काम तुम्ही वाचलेलं नाही, अशी मला खात्री आहे. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतले ४८० मजूर. दंतवैद्य नाही, ब्रश नाही, सफाई नाही. १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं त्यांची तोंडं पुन्हा पुन्हा तपासून नोंदी ठेवल्या गेल्या. माणसांचे दात जाताना नुसतं मोजत राहणं मला आजही पचत नाही, पण त्या मजुरांनी सोसलेल्यातून जे कळलं ते वाया घालवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. जवळजवळ सगळ्यांच्या दातांवर कीटण आणि टार्टर होतं, हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही सुमारे ११ टक्क्यांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. ८१ टक्क्यांचा हळूहळू वाढला. आणि ८ टक्के असे होते, की ज्यांचे दात विशीतच पडायला लागले आणि पंचेचाळिशीपर्यंत तोंड रिकामं झालं. वरून पाहिलं तर तिन्ही गटांच्या दातांवर तेवढीच घाण. कोण कुठल्या गटात आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. ते कळतं प्रोबनं, आणि एकदा नव्हे, काही महिन्यांनी पुन्हा मोजून, आधीचा आकडा शेजारी ठेवून. तुमच्या कागदावर पहिला आकडाच नाही. मग दुसऱ्याची तुलना कशाशी करणार?

म्हणून स्केलिंगला मी केवळ साफसफाई मानत नाही, आणि तुम्हीही मानू नका. माणूस खुर्चीत येतो, तोंड उघडतो, आपण दाताभोवती सहा जागी मोजतो, मागच्या वेळचं वाचतो, जमलेलं काढतो, घासायला कुठे चुकतंय ते त्याच्याच हातात ब्रश देऊन दाखवतो आणि पुढची तारीख देतो. यातलं मशीन फिरवणं एवढंच तुम्ही उचललंत, कारण कोटा त्याच्यावर मोजला जातो.

तेही धड करत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला लाळेच्या नळीचं तोंड उघडतं, तिथे टार्टर ठसठशीत दिसतो. तो उडवायचा, आरसा धरायचा, “बघा किती स्वच्छ झालं” म्हणायचं आणि नाव वहीत चढवायचं. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला तसाच थर असतो, तिथे निम्मे जण पोचत नाहीत. आणि हिरडीखालचा काळसर, मुळाला घट्ट चिकटलेला टार्टर, ज्याच्या आडोशानं जंतू हाडापर्यंत मजल मारतात, त्याला तर हातच लागत नाही. ग्रेसी क्युरेट ऑटोक्लेव्हच्या पाकिटात जशाच्या तशा पडून असतात. अकरा-बारा नंबरची कुठल्या पृष्ठभागासाठी आणि तेरा-चौदा नंबरची कुठल्या, हे मी परवा विचारलं तेव्हा तुम्ही एकमेकांची तोंडं पाहिलीत. वरचं काढून खालचं ठेवलं तर हिरडी वरून आवळते, गुलाबी दिसते, रक्त थांबतं, आणि आत आजार चालू राहतो. रुग्णाला वाटतं बरं झालं. त्याला तसं वाटायला लावणं ही फसवणूक आहे, मग हेतू काही असो.

आता दुसरा मुद्दा. तुमच्यातला एक जण, नाव घेत नाही, मला वाचून दाखवायला आला होता की मॅडम, २०१८च्या कॉक्रेन समीक्षेत नियमित स्केलिंगनं फरक पडत नाही असं म्हटलंय. वाचलंस याचा मला आनंद आहे. अर्धवट वाचलंस याचा राग आहे. ते दोन्ही अभ्यास ब्रिटनमधल्या दवाखान्यांतले. तिथे नेमानं तपासणीला येणारी, तीव्र पायोरिया नसलेली मोठी माणसं. अशांना सहा महिन्यांनी सफाई केली, वर्षानं केली किंवा ठरवून केलीच नाही, तरी दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या तब्येतीत फारसा फरक दिसला नाही. ते खरं आहे, आणि मी ते मानते. निरोगी हिरड्यांच्या, व्यवस्थित घासणाऱ्या, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला दर सहा महिन्यांनी खुर्चीत झोपवून पैसे काढणारा दंतवैद्य तुमच्यातून तयार झाला तर मला शरम वाटेल. पण त्या अभ्यासातल्या माणसांचं तोंड कोणीतरी नियमित बघत होतं. आपल्या बाकावर बसलेल्यांपैकी किती जणांचं तोंड याआधी कोणी एकदाही प्रोबनं मोजलंय? त्यांचा निष्कर्ष उचलून यांच्यावर चिकटवणं म्हणजे अभ्यास नव्हे, आळसाला मिळालेलं प्रमाणपत्र.

उलट बाजूचाही अभ्यास वाचा. स्वीडनमधलं कार्लस्टाड, ॲक्सेलसन आणि लिंडे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ३७५ माणसांना पहिली दोन वर्षं दर दोन महिन्यांनी आणि नंतर दर तीन महिन्यांनी बोलावून व्यावसायिक सफाई दिली आणि घरी कसं घासायचं ते पुन्हा पुन्हा शिकवलं. शेजारच्या गटाला नेहमीची वर्षाची तपासणी. सहा वर्षांत दोन गटांतलं अंतर इतकं वाढलं की दुसऱ्या गटाला तसंच चालू ठेवणं योग्य राहिलं नाही. पहिल्या गटातल्या लोकांचा तीस वर्षांनंतरचा हिशेब २००४ मध्ये छापून आला: वयोगटानुसार सरासरी अर्ध्या दातापासून दोनपेक्षा कमी दात गेलेले, आणि तेही बरेचसे मूळ तडकल्यामुळे. तीस वर्षं! यातलं श्रेय एकट्या मशीनचं नाही. शिकवण्याचं आहे, आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा बोलावण्याचं आहे.

तेव्हा किती दिवसांनी बोलवायचं याचं एकच उत्तर सगळ्यांना देऊ नका. सहा महिने हा रूढीनं बसलेला आकडा आहे. हिरड्या चांगल्या, सवयी चांगल्या, तर वर्ष चालेल. रक्त येतंय, टार्टर भराभर जमतोय, तर सहा. एकदा हाड गेलेलं आहे, उपचार झाले आहेत, तर तीन महिने, आणि त्यात सूट नाही. कालच्या बाईंचे खालचे पुढचे दात वाचणार नाहीत. वरच्या दाढांपैकी हाड अजून निम्मं आहे अशा दोन आहेत, त्या राखायच्या असतील तर दर तीन महिन्यांनी त्यांना इथे यावं लागेल, आणि त्यांना गावाहून पहिली एसटी कोणती मिळते हे विचारून तारीख द्यावी लागेल.

त्यांना मधुमेह आहे. कोणी विचारलं होतं? लो यांनीच १९९३ साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या रांगेतली. हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. साखर वर गेली की हिरड्यांचा नाश वेगानं होतो, आणि हिरड्यांची सूज साखर आवरू देत नाही. पायोरियाचे उपचार नीट केले तर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपासनं उतरते. एखादी गोळी वाढवून जे साधतं त्याच्या जवळचं हे यश, आणि ते आपल्या हातात असताना आपण तो रकाना कोरा ठेवतो.

तंबाखूचा रकाना कोरा ठेवणं तर महाराष्ट्रात अक्षम्य आहे. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, तरी पुड्या तुमच्या रुग्णांच्या खिशात असतात. खेड्यापाड्यांतल्या किती बायका अजून मिश्री लावतात, आणि “तंबाखू खाता का?” असं विचारलं की खरंच “नाही” म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. नीट विचारा: मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा, कुठल्या बाजूला धरता? बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं. धुरामुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि आजार लपतो. ते तुम्ही निरोगीपणाचं लक्षण म्हणून लिहून मोकळे होता. गाल ओढून आतून बघा. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंडात तीन बोटं उभी न जाणं. कर्करोगाची पहिली खूण दिसण्याची संधी त्या माणसाला कदाचित आयुष्यात एकदाच मिळणार असते, दात साफ करून घ्यायला तो आला त्या दिवशी. त्याच्या जिभेखाली न बघता त्याला उठवलंत तर ती संधी तुम्ही घालवलीत.

आणि त्या गरोदर मुलीच्या केसविषयी. पाचवा महिना, हिरड्या सुजून लाल झालेल्या, ब्रश लावला की रक्त. तिला “बाळंतपण झाल्यावर या” म्हणून कोणी परत पाठवलं? चौथा ते सहावा महिना हा सफाईसाठी सर्वांत सोयीचा काळ. पाठ्यपुस्तकात आहे. तिला आजच फोन करून बोलवायचं.

लोक घाबरतात, हे मला मान्य आहे. मशीन लावलं की दात हलायला लागतात, फटी पडतात, वरचा थर घासला जातो, असं घराघरांत बोललं जातं. तुम्ही काय करता? हसता, किंवा “असं काही नसतं” म्हणून वेळ मारून नेता. त्यांना जे दिसलं ते खोटं नाही. फटी दिसतात, कारण जो टार्टर फट भरून बसला होता तो निघाला आणि सुजलेली हिरडी ओसरली. दात हलल्यासारखे वाटतात, कारण हाड आधीच गेलं होतं आणि दगडासारखा थर त्यांना एकमेकांशी बांधून होता. थोडे दिवस गार लागतं, कारण झाकलेलं मूळ उघडं पडलं. हे काम सुरू करायच्या आधी सांगायचं असतं. नंतर सांगितलं की ती सबब वाटते. बोअरचं पाणी साठवलेल्या बादलीच्या कडेला क्षार बसतो तो चोळून निघत नाही, तसं लाळेतल्या क्षारांनी कीटण घट्ट झालं की ब्रशनं निघत नाही, एवढं सांगितलं तरी आजीबाईसुद्धा मान डोलावतात.

पण एक गोष्ट ऐकून ठेवा. मशीनच्या टिपची कड दाताला लावायची, टोक नाही. पाणी चालू हवं, हात सतत हलता हवा, दाब हलका हवा. तुमच्यातला एक जण काल टोक काटकोनात रोवून मुळावर कोरत होता. अशा हातानं दात खरोखरच खराब होतो, आणि मग गावात जी भीती पसरते तिला तुम्ही अंधश्रद्धा म्हणायचं नाही.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत. गर्दी असते, मॅडम. असते. म्हणून मोजायचं नाही, असं होत नाही. दिवसाला कमी रुग्ण करा, पूर्ण करा. कोट्याचं मी बघते, तो आकडा माझ्या सहीनं पुढे जातो आणि यापुढे चार्टिंग नसलेल्या केसवर माझी सही होणार नाही. लोक लांबून येतात, मजुरी बुडते. बुडते, म्हणूनच त्यांची एक खेप वाया घालवू नका. नातवाला दाखवायला आलेल्या आजोबांना त्याच दिवशी खुर्चीत घ्या. दुखायला लागल्यावर दात काढायला, कवळी करायला, मापं द्यायला ज्या खेपा होतात त्यांचा हिशेब त्यांना आधीच सांगा. ते ऐकतात. त्या बाईंनी आपले चार शब्द किती जपून ठेवले होते, ते तुम्ही पाहिलंत.

आता हात वर करा: इंटर्नशिप सुरू झाल्यापासून स्वतःच्या हिरड्या कोणाकडून तरी मोजून घेतल्या असे किती जण? खाली घ्या, दिसलं. मला वाटलं होतं त्याहून कमी. स्वतःच्या तोंडात प्रोब गेला की किती हलकं धरायचं ते कळतं, आणि पाण्याचा फवारा घशाशी साचतो तेव्हा रुग्ण हात का वर करतो तेही कळतं. दुसऱ्याच्या तोंडात जायच्या आधी हे कळायला हवं होतं.

म्हणून आज रुग्ण घ्यायच्या आधी तिघातिघांचे गट पाडा. एक खुर्चीत, एक स्टुलावर, तिसरा लिहायला. प्रत्येक दाताच्या सहा जागा, आकडे मोठ्यानं वाचायचे. रक्त आलं तर तसं लिहायचं, चार मिलिमीटरच्या पुढे गेलं तर मला हाक मारायची, मग तो कोणाचाही मित्र असो. झाल्यावर प्रत्येकानं आपल्या कागदावर पुढची तारीख घालायची आणि तीच या रजिस्टरमध्ये उतरवायची. दिवस, महिना, वर्ष. रुग्णांच्या तारखाही आजपासून याच रजिस्टरमध्ये, मोबाईल नंबरसकट, आणि जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी फोन कोणी करायचा ते नाव शेजारच्या रकान्यात. सहा खुर्च्या मोकळ्या आहेत, पहिले अठरा जण सुरू करा. बाकीच्यांनी प्रोब घेऊन या.